एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास: रोज 205 किलोमीटर फिरणार असाल तर घ्या

चार दिवस किंवा सात दिवस, एकदाच पैसे भरा आणि महामंडळाच्या गाडीने हवे तिथे फिरा, अशी ही योजना. एसटीने ती 1988 मध्ये सुरू केली आणि ती आजही चालू आहे. तरी ऐन सुट्टीत आगाराच्या खिडकीवर पास मागणारे थोडेच दिसतात, आणि जे घेतात त्यांतल्या बऱ्याच जणांना तो परवडलेला नसतो. याचे कारण पासात नाही. हिशेब न करता तो घेतला जातो, हे खरे कारण आहे.

आधी दर पाहू. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा चार दिवसांचा पास 1814 रुपयांवर आणि सात दिवसांचा 3171 रुपयांवर गेला होता. त्या किमतीत पास घेण्यात फारसा अर्थ उरला नव्हता. त्याच वर्षी दिवाळीआधी महामंडळाने दर सुमारे चतुर्थांशाने उतरवले: साध्या गाडीचा चार दिवसांचा 1364, सात दिवसांचा 2382, शिवशाहीचा 1818 आणि 3175. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मा दर. शिवनेरी या योजनेत नाही. साध्या पासावर साधी, जलद, रात्रसेवा, शहरी आणि मिडी गाड्या चालतात. पैसे भरण्याआधी खिडकीवर त्या दिवशीचा दर विचारून घ्या, कारण भाडे बदलले की पासही बदलतो.

आता मुख्य हिशेब. एसटीचे भाडे टप्प्यावर ठरते. एक टप्पा सहा किलोमीटरचा आणि साध्या गाडीला टप्प्यामागे 10.05 रुपये. 1364 ला 10.05 ने भागा, साधारण 136 टप्पे येतात, म्हणजे सुमारे 815 किलोमीटर. चार दिवसांत तेवढे अंतर झाले की पासाचे पैसे वसूल. त्यापुढचा प्रत्येक किलोमीटर फुकट. सात दिवसांच्या पासाला हाच आकडा 1420 किलोमीटरच्या आसपास जातो. दोन्हीकडे दिवसाला येतात साधारण 205 किलोमीटर. शिवशाहीचा टप्पा 14.20 रुपयांचा, तिथे दिवसाला 190 च्या आसपास पुरतात.

दुसऱ्या बाजूने पाहा: साध्या पासाचा एक दिवस 340 रुपयांना पडतो. ज्या दिवशी तुम्ही समुद्रावर बसून राहिलात, त्या दिवसाचे 340 रुपये गेले. म्हणून एका गावी तीन दिवस मुक्काम ठोकून निवांत राहणाऱ्यांसाठी हा पास नाही. त्यांनी जाता-येताचे तिकीट काढावे.

एक उदाहरण, ज्यात पास हमखास तोट्यात जातो. पुण्याहून छत्रपती संभाजीनगर, दुसऱ्या दिवशी वेरूळ, तिसऱ्या दिवशी अजिंठा, चौथ्या दिवशी परत पुणे. पुणे ते संभाजीनगर 235, वेरूळ जाऊन-येऊन 60, अजिंठा जाऊन-येऊन 200, परतीचे 235. बेरीज 730. चार दिवस पूर्ण भरलेले वाटतात, दमणूकही होते, पण 815 चा आकडा गाठला जात नाही. सुटी तिकिटे काढली तर सव्वाशे-दीडशे रुपये वाचतात. (या सहलीत वारही सांभाळायचे: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. रविवारी निघणाऱ्याची वेरूळची सोमवार-फेरी जमते आणि मंगळवारी अजिंठा जमते. शनिवारी निघणाऱ्याने वेरूळ रविवारी धरले तर अजिंठा नेमका सोमवारी येतो.)

आणि आता ज्या प्रवासासाठी सात दिवसांचा पास जणू बेतूनच काढला आहे, तो: साडेतीन शक्तिपीठे. पुण्याहून धरला तर पहिला दिवस पुणे–कोल्हापूर, 230 किलोमीटर, अंबाबाईचे दर्शन संध्याकाळी. दुसरा दिवस कोल्हापूर–सोलापूर–तुळजापूर, 270. सोलापूर ते तुळजापूर 45 किलोमीटरला गाड्या इतक्या आहेत की वेळापत्रक बघायचे कारण नाही. तिसरा दिवस तुळजापूर–लातूर–नांदेड, 230. चौथ्या दिवशी पहाटे नांदेडहून माहूर आणि रात्री परत नांदेड, मिळून 260. पाचवा दिवस सगळ्यांत कठीण: नांदेड–छत्रपती संभाजीनगर–नाशिक, 455 किलोमीटर. सहाव्या दिवशी नाशिकहून सप्तशृंगगड आणि परत, 130. सातव्या दिवशी नाशिक–पुणे, 210.

अंतरे रस्त्यागणिक पाच-दहा किलोमीटर इकडेतिकडे होतील, पण बेरीज 1785 च्या घरात येते. म्हणजे 298 टप्पे, सुट्या तिकिटांनी साधारण तीन हजार रुपये. पास 2382 ला. सहाशे रुपये सरळ वाचतात. प्रत्यक्षात थोडे जास्तच, कारण तिकीट काढताना अर्धवट टप्पाही पूर्ण धरला जातो. 25 किलोमीटरच्या प्रवासाला पाच टप्पे लागतात, म्हणजे 30 किलोमीटरचे भाडे. गाड्या बदलत, तुकड्या-तुकड्याने जाणाऱ्याला दर वेळी ही चाट बसते आणि पासधारकाला बसत नाही.

मुक्कामाचा खर्चही या वाटेवर हाताबाहेर जात नाही. तुळजापूर, माहूर आणि सप्तशृंगगड इथे भक्तनिवास आहेत. नांदेडला दोन रात्री काढायच्या आहेत, तिथे सचखंड गुरुद्वाराचे यात्री निवास आणि लंगर दोन्ही आहेत.

पाचव्या दिवसाबद्दल थोडे अधिक. सकाळी सहाच्या आत नांदेड सोडले नाही तर नाशिकला पोहोचेपर्यंत रात्र उलटते. थेट नाशिकची गाडी मिळाली तर उत्तम, नाही तर संभाजीनगरपर्यंत एक आणि पुढे दुसरी. इथे चुकूनही ‘थेटच हवी’ म्हणून दोन तास थांबू नये. पास असल्याचा खरा फायदा हाच आहे: समोर लागलेल्या, योग्य दिशेच्या गाडीत चढायचे आणि मोठ्या स्थानकावर उतरून पुढची धरायची. तिकीट फाटत नाही, टप्पा वाया जात नाही. आधी जालन्याला जाणारी मिळाली तरी चालेल.

सप्तशृंगीला जाताना गाडीचा फलक नीट वाचा. काही गाड्या थेट गडावर जातात, काही पायथ्याच्या नांदुरीपर्यंतच. नांदुरीहून वर जायला एसटी आहेच. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात खासगी वाहने खालीच अडवतात, तेव्हा एसटीशिवाय पर्याय नसतो आणि रांग तासभराची असते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धे. 75 च्या पुढे पूर्ण मोफत. या सवलती सुट्या तिकिटावर मिळतात. पासाची किंमत मात्र सर्वांना सारखी. म्हणजे शक्तिपीठांच्या याच फेरीला बाईमाणसाचे सगळे तिकीट दीड हजाराच्या आत होते आणि पास घेतला तर 2382 जातात. पास परवडायचा तर तिला दिवसाला 400 किलोमीटरच्या वर फिरावे लागेल, आणि तसे सलग सात दिवस कोणी फिरू नये. तेव्हा नवरा-बायको दोघे निघणार असतील तर त्याचा पास आणि तिचे अर्धे तिकीट, हाच हिशेब: 2382 अधिक सुमारे 1500. दोन पास घेतले तर जवळजवळ नऊशे रुपये जास्त जातात. आईवडील 65 च्या पुढचे असतील तर त्यांचाही पास काढू नका. आधार कार्ड मात्र मूळ जवळ ठेवा.

याला एक अपवाद आहे. महिला आणि ज्येष्ठांची सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच. पणजी, बेळगाव, हैदराबादकडे जाणाऱ्या गाडीत हद्दीपुढचे भाडे पूर्ण पडते. पास मात्र एसटीची गाडी परराज्यात जिथवर जाते तिथवर चालतो. तरीही गोव्याच्या एका फेरीसाठी हे गणित उलटत नाही, कारण हद्दीपलीकडचे अंतर थोडे असते. आणि हे लक्षात असू द्या की पास महाराष्ट्राच्या एसटीचा आहे. पणजीला उतरून कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, गाडीत तो दाखवून उपयोग नाही, तसाच पुण्यात पीएमपीच्या शहर बसमध्येही नाही.

पास काढताना काय करायचे. प्रवासाच्या दहा दिवस आधीपासून तो मिळतो. आगारातल्या पासाच्या खिडकीवर जा. तिकीट आरक्षणाची खिडकी वेगळी असते आणि चुकीच्या रांगेत अर्धा तास जातो. ओळखपत्र लागते. नाव, वय, गाडीचा प्रकार आणि पहिल्या दिवसाची तारीख तिथल्या तिथे वाचून घ्या. तारीख चुकली तर पहिल्याच गाडीत वाहकाशी वाद ठरलेला. पास दुसऱ्याला देता येत नाही, आणि हरवला तर दुसरा मिळत नाही, म्हणून तो पाकिटात घडी घालून न ठेवता प्लास्टिकच्या पाकिटात गळ्यात ठेवा. पावसाळ्यात घामाने आणि पाण्याने शाई उतरते.

दिवस मोजतात मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. इथे पैसे हमखास जातात. सोमवारपासूनचा पास असेल आणि रविवारी रात्री दहाची रात्रसेवा धरली, तर मध्यरात्रीपर्यंतच्या भागाला पास लागू नाही. उलट शेवटच्या दिवशी रात्री नऊला निघून पहाटे घरी पोहोचणार असाल, तर रात्री बारानंतरच्या टप्प्यांचे तिकीट काढावे लागते. परतीची गाडी शेवटच्या दिवशी सकाळची धरा. रात्रीचे प्रवास मधल्या दिवसांत घाला: लॉजचे पैसेही वाचतात आणि किलोमीटरही वाढतात.

पास म्हणजे जागेची हमी नव्हे. बसायला हवे असेल तर पास दाखवून, आरक्षणाचा वेगळा आकार भरून जागा राखून ठेवता येते. लांबच्या आणि रात्रीच्या गाडीला हे करावेच. दिवसाच्या तासाभराच्या प्रवासाला गरज नाही. सामान मोठ्या माणसाला 30 किलो, मुलाला 15 किलो, त्याला वेगळे भाडे नाही.

गाडी बिघडली, घाटात अडकली, चार तास उशीर झाला, तर पासाचा दिवस वाढवून मिळत नाही. महामंडळाच्या संपामुळे गाड्याच बंद राहिल्या तर न वापरलेल्या दिवसांची मुदतवाढ किंवा परतावा असतो. नियम तेवढाच आहे. म्हणून वेळापत्रकात रोज दोन तासांची सैल जागा ठेवा, विशेषतः कोकणात. पावसाळ्यात भोर–महाड रस्त्यावरचा वरंधा घाट वाहतुकीला बंद करतात. त्या वाटेने बेत आखला असेल तर ताम्हिणीने वळसा पडतो.

कोणत्या दिवसांत हा पास घेऊ नये, हे सांगितले पाहिजे. आषाढी एकादशीच्या आठवड्यात राज्यभरातल्या आगारांतून गाड्या पंढरपूरकडे वळवतात. गणपतीच्या आधी मुंबई, ठाणे, पालघरकडून कोकणात जादा गाड्या सोडतात, आणि त्या इतर आगारांतूनच आणलेल्या असतात. त्या दिवसांत लातूर-नांदेडकडची नेहमीची फेरीसुद्धा रद्द होऊ शकते, आणि पासधारक फलाटावर बसून राहतो. त्याचे 340 रुपये रोज चालूच राहतात. जानेवारी-फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ: थंडी, गर्दी कमी, गाड्या नियमित.

एकच लांब पल्ला गाठायचा असेल तर रेल्वे बरी. पुणे–नागपूर साध्या एसटीने जवळजवळ 1190 रुपये होतात, स्लीपरचे तिकीट त्याच्या निम्म्याहून कमी आहे आणि पाठही शाबूत राहते. पासाची खरी जागा रूळ नसलेल्या गावांत आहे: माहूर, तुळजापूर, सप्तशृंगगड, लोणार, गणपतीपुळे, मालवण.

मालवणसारख्या ठिकाणी मुक्कामी गाडीचा उपयोग करून घ्या. संध्याकाळी तालुक्याहून निघून खेड्यात थांबणारी गाडी पहाटे पाच-साडेपाचला परत निघते. फलाटावरच्या वेळापत्रकात ती बहुधा सापडत नाही. वाहतूक नियंत्रकाला विचारावे, किंवा आदल्या रात्री त्याच गाडीच्या वाहकाला. त्या गाडीने सकाळी सातला तालुक्याला पोहोचलात तर लांब पल्ल्याच्या पहिल्या गाड्या मिळतात आणि दिवसाचे 205 किलोमीटर दुपारी जेवणाआधी पूर्ण होतात.

चौथ्या किंवा सातव्या दिवशी पुण्याला परतणाऱ्यांसाठी इतकेच: कोल्हापूरच्या गाड्या स्वारगेटला येतात-जातात, नाशिकच्या गाड्या शिवाजीनगरच्या, म्हणजे सध्या वाकडेवाडीच्या स्थानकावर. घर कात्रजला असेल तर नाशिककडून येताना शेवटच्या रिक्षाचे पैसे बाजूला ठेवा, ते पासात नाहीत.