पीएफचं चलान हातात होतं, पैसे गेलेच नव्हते

पीएफच्या चलानाची खोटी पीडीएफ घरबसल्या बनवता येते, हे आमच्या अकोट-तेल्हारा पट्ट्यातल्या जिनिंगवाल्यांनी आणि डाळ मिलवाल्यांनी नीट ऐकून ठेवावं. माझी अकोट तालुक्यात कापसाची छोटी जिनिंग आहे. हंगामात मजूर, फिटर, मुनीम धरून २४ माणसं असतात. २० माणसं झाली की भविष्य निर्वाह निधीचा (पीएफचा) कायदा लागतो आणि त्यात ठेकेदाराची माणसंही मोजली जातात. ‘हमाल मुकादमाचे, माझे नाहीत’ असं म्हणून सुटका होत नाही.

हे सगळं मला ज्यानं सांगितलं, त्यानंच बुडवलं. कायद्याचं सांगितलेलं शब्दन् शब्द खरं होतं, म्हणून तर माणूस पटला. गळ्यात ओळखपत्र, बॅगेत फायली, कार्डावर ‘लेबर लॉ सल्लागार’. आधी त्यानं दुसऱ्या एका जिनिंगला आलेली चौकशीची नोटीस दाखवली, मग हळूच म्हणाला, “तुमचं नाव यादीत आहे भाऊ, पण मी आहे न.” नोंदणीची ‘सरकारी फी’ म्हणून १५ हजार घेतले. या नोंदणीला सरकारी फी लागतच नाही, ती ऑनलाइन फुकट होते.

नोंदणी मात्र खरीच केली. कोड नंबर आला, सगळ्यांचे यूएएन (प्रत्येक मजुराचा पीएफचा कायमचा नंबर) निघाले, पहिले दोन महिने पैसेही जमा झाले. खरी गोम दुसरीकडे होती. पोर्टलवर मोबाइल नंबर त्याचा, ईमेल त्याचा, आणि माझ्या डिजिटल सहीचं डोंगल (पेनड्राइव्हसारखं असतं ते) त्याच्याच बॅगेत. “दर महिन्याला सहीसाठी तुम्हाला कायले तरास?”

आता हिशेब बघा. माणशी १२ हजार पगार धरला तर मजुराचे १२ टक्के म्हणजे १,४४० आणि मालकाचे तेवढेच. त्यावर अर्धा टक्का विम्याचा, अर्धा टक्का प्रशासन खर्चाचा, ६०-६० रुपये. माणशी ३ हजार, २४ माणसांचे ७२ हजार. हे दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे असतात. तिसऱ्या महिन्यात त्याचा फोन आला, “पोर्टल १५ तारखेला झोपतेच भाऊ. सगळ्या पार्ट्यांचे पैसे मी माझ्या फर्मच्या खात्यातून एकदम मारतो, तुम्ही माझ्याकडे टाका.” पैसे टाकले की संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर चलान यायचं. मुनीम छापून फायलीला लावायचा.

बिंग फुटलं ते एका फिटरमुळे. त्याला मुलीच्या लग्नासाठी पीएफमधून पैसे काढायचे होते. सेतू केंद्रात जाऊन आला आणि काट्याजवळ सगळ्यांसमोर उभा राहिला. “शेठ, सेतूवाला म्हन्ते पयल्या दोन म्हयन्यांचेच पैसे हायेत. मंग दर म्हयन्याले कापता ते जाते कुठी?” त्याला उत्तर देण्याआधी मी फाइल काढली.

चलानं एकाखाली एक मांडली तेव्हा चित्र स्वच्छ झालं. प्रत्येक चलानाला स्वतःचा वेगळा नंबर असतो, त्याला टीआरआरएन म्हणतात. आमच्या फायलीत दुसऱ्या महिन्याचा नंबर पुढच्या प्रत्येक चलानावर होता, शेवटच्या आकड्यासकट. पठ्ठ्यानं महिना आणि रक्कम तेवढी बदलली होती. उन्हाळ्यात जिनिंग बंद पडते, फिटर, चौकीदार आणि मुनीम तेवढे उरतात. त्या महिन्यांची रक्कम कमी केलेली, पण सभासदांची संख्या मात्र २४ च. एवढी मेहनत घेऊनही आळस केलाच.

अकोल्याच्या पीएफ कार्यालयात गेलो, तर आमच्याच खात्यात आम्हाला शिरता येईना, ओटीपी त्याच्या फोनवर. लेटरहेडवर अर्ज देऊन आधी मोबाइल नंबर बदलून घ्यावा लागला. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि शांतपणेच सांगितलं की त्यांच्या दृष्टीनं मधला माणूस नसतोच, देणं मालकाचं. थकबाकी पुन्हा भरायची, मजुरांचा वाटाही स्वतःच्या खिशातून, कारण तो त्यांच्या पगारातून दुसऱ्यांदा कापता येत नाही. वर १२ टक्के वार्षिक व्याज, त्याशिवाय जून २०२४ पासूनच्या नियमानं थकबाकीवर महिन्याला एक टक्का दंड. ‘माझा हेतू वाईट नव्हता’ हेही इथे कामाचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये तसं स्पष्ट सांगून टाकलंय.

सीएकडे गेलो तर तिथे आणखी एक धक्का. मजुरांच्या पगारातून कापलेला वाटा मुदतीत जमा झाला नाही, तर तेव्हाच्या नियमानं आयकरात त्याची वजावट कायमची जात होती. हाही सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ऑक्टोबर २०२२ चा. आणि वकिलानं सांगितलेलं तर झोप उडवणारं: पगारातून कापून न भरणं हा कायद्यानं विश्वासघाताचा गुन्हा धरला जातो. म्हणजे पोलिसात फिर्यादी म्हणून जायचं आणि आरोपी होऊन बसायचं. तरी बँकेचे उतारे, व्हॉट्सअॅपचे निरोप आणि सगळी खोटी चलानं जोडून तक्रार दिली आहे. त्याच्या ऑफिसच्या जागी आता मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे.

पैशापेक्षा एक गोष्ट मला जास्त टोचते. पीएफला जोडून मजुराचा विमा असतो. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. रुईच्या धुळीत, चालू मशीनजवळ माणसं राबत होती. त्या महिन्यांत कुणाचं बरंवाईट झालं असतं, तर त्याच्या बायकोला काय दाखवलं असतं, ती पीडीएफ?

आता हे लिहायचं कारण. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता (कामगारांचे नवे कायदे) लागू झाल्या आणि गावोगाव नवी मंडळी हिंडायला लागली आहेत. ‘सगळ्यांना नियुक्तीपत्र सक्तीचं’, ‘चाळिशीवरच्या कामगारांची दरवर्षी तपासणी’ असं सांगतात. या तरतुदी खऱ्याच आहेत. पण त्यांच्या मागोमाग येणारं ‘पॅकेज’ आणि क्यूआर कोड तपासून घ्या. फॉर्म भरायला सल्लागार जरूर ठेवा, आम्हीही ठेवला आहे. पण पोर्टलवर नंबर आपला, डोंगल आपल्या कपाटात, आणि पैसे आपल्या बँकेतून थेट पोर्टलवरच्या चलानाला. पीएफच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचे किती पैसे, किती माणसांचे, कोणत्या तारखेला जमा झाले ते लॉगिनशिवाय दिसतं. मजुरांनाही सांगून ठेवा: यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला की शिल्लक मेसेजनं येते. भरणा पासबुकात दिसायला काही दिवस जातात, तेवढी वाट बघा. त्यानंतरही आकडा हलला नाही, तर सल्लागाराला फोन न करता आधी अकोल्याची बस पकडा.