समृद्धीवर काटा कुठे ठेवावा: ९०, १०० की १२०?

नागपूर ते ठाणे जिल्ह्यातील आमणे हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा असल्यामुळे, पेट्रोल गाडीने हे अंतर कापणाऱ्याला वेळ वाचवायचा की इंधन, हे आधीच ठरवावे लागते.

गाडीला मागे खेचणारा हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९० वरून १२० वर गेल्यास तो सुमारे पावणेदोन पट होतो. टायरचे घर्षण मात्र त्या मानाने फारसे वाढत नाही आणि भार वाढल्यावर इंजिनही थोडे अधिक कार्यक्षमतेने चालते, म्हणून पेट्रोलचा खर्च पावणेदोन पटीपर्यंत जात नाही.

हिशेबासाठी अशी एक गाडी धरू, जिचे ॲव्हरेज ९० च्या वेगाला २०, १०० ला १८ आणि १२० ला १५ आहे. पेट्रोल लिटरला १०० रुपये धरू आणि घाट व थांबे वगळू. ९० ने पावणेआठ तासांहून किंचित अधिक वेळ आणि ३५ लिटर पेट्रोल लागते. १०० ने सात तास आणि ३९ लिटर. म्हणजे पाऊण तासाची बचत सुमारे ३९० रुपयांना पडते. १२० ने पाच तास पन्नास मिनिटे आणि जवळपास ४७ लिटर. इथे पुढच्या ७० मिनिटांसाठी आणखी ७८० रुपये जातात. वाचलेल्या तासाचा भाव पहिल्या टप्प्यात सुमारे ५०० रुपये होता, तो दुसऱ्या टप्प्यात ६७० च्या घरात जातो. शिवाय टाकी ४० लिटरची असेल, तर १२० ने जाणाऱ्याला वाटेत पंपावर थांबावेच लागते आणि वाचलेली काही मिनिटे तिथेच खर्ची पडतात.

कुटुंबासह जाणाऱ्याने १०० धरावे, असे माझे मत आहे. मात्र तो वेग स्थिर हवा, कारण ९० आणि १२० च्या मध्ये सतत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर करणाऱ्याला शंभरच्या सरासरीचे ॲव्हरेज मिळत नाही. टपावर कॅरियर आणि त्यावर बॅगा असतील, तर ९० च बरे. काचा उघड्या ठेवून एसीचे पेट्रोल वाचवण्याची युक्ती शहरात ठीक आहे, या वेगाला ती फारशी कामाची नाही.

इलेक्ट्रिक गाडीचा निर्णय वेगळा आहे. मोटर मुळातच कार्यक्षम असल्यामुळे हवेच्या वाढत्या रोधाचा भार जवळजवळ सगळा बॅटरीवर येतो आणि १२० ला रेंज झपाट्याने उतरते. चार्जिंगचा एक जादा थांबा घ्यावा लागला, तर वेगाने कमावलेला वेळ बराचसा त्यातच जातो. तिथे ९० ने जाणाराही फारसा मागे राहत नाही.