थंड पावसातली मॅरेथॉन: जॅकेट की पोंचो?

2018 ची बॉस्टन मॅरेथॉन: तापमान 5 अंशांच्या खाली, धो धो पाऊस आणि समोरून वारा. महिलांत पहिली आलेली डेझिरी लिंडन अंगात जॅकेट ठेवूनच 2:39:54 मध्ये पोहोचली. म्हणून सगळ्यांनीच जॅकेट घ्यावं असं नाही.

प्लॅस्टिकच्या पोंचोचं (डोक्यातून घालायचं सैल आवरण) खरं काम सुरुवातीआधीचं. तासभर भिजत ताटकळलात, तर पळण्याआधीच काकडायला होतं. डोकं-हातांसाठी भोकं पाडलेली कचऱ्याची मोठी पिशवीही चालते (फोटो वाईट येतो, इतकंच). पळताना मात्र ती फडफडते आणि आत घाम साचतो. एक-दोन किलोमीटरनंतर काढून कचरापेटीत टाका. रस्त्यावर सोडली तर मागच्याचा पाय अडकतो.

जॅकेट 100-150 ग्रॅमचं, अंगाबरोबर बसणारं, पूर्ण चेनचं हवं. जाड रेनकोटात माणूस आतूनच भिजतो. पातळ जॅकेटही तासाभरात ओलं होतं, पण वारा अडवतं, आणि ओल्या अंगाला खरा धोका वाऱ्याचाच. चढावर चेन अर्धी उघडा, उतारावर लावा. आत सुती बनियन नको. ते पाणी धरून ठेवतं. बिब (स्पर्धकाचा नंबर असलेला कागद) शॉर्ट्सवर लावा, म्हणजे जॅकेट काढलं तरी दिसतो.

चार तासांच्या पुढे लागणार असतील तर जॅकेटच. शेवटी वेग पडला की अंग झपाट्याने गार होतं. तीन तासांच्या आसपास पळणाऱ्यांना पोंचो आणि आर्म स्लीव्ह्ज (हातांवर चढवायच्या सुट्या बाह्या) पुरतात. हातमोजे दोघांनाही, लोकरीच्या मोज्यांवर डिस्पोजेबल रबरी. बोटं बधिर झाली की एनर्जी जेलचं (पळताना खायचं) पाकीट फाटत नाही.