महास्फोट की स्थिर विश्व : कट्ट्यावर कोणाची बाजू घ्याल?

विश्वाच्या उत्पत्तीवर वाद घालायचा तर आधी बाजू ठरवावी लागते. महास्फोटवाल्यांच्या मते साधारण १३८० कोटी वर्षांपूर्वी सगळं अतितप्त, अतिघन होतं आणि तिथून पसरत आलं. स्थिर स्थितीवाले म्हणतात, सुरुवात कसली? विश्व पसरतंय खरं, पण ते होतंच आणि असंच राहणार.

१९४८ साली फ्रेड हॉयल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड या शास्त्रज्ञांनी ही दुसरी बाजू मांडली, तेव्हा ती मुळीच येडपट नव्हती. विश्व किती वेगाने पसरतंय याच्या खगोलशास्त्रज्ञ हबलच्या आकड्यांवरून त्याचं वय २०० कोटी वर्षांच्या आसपास यायचं आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने निघायचे. म्हणजे लेक आईपेक्षा मोठी! सुरुवातच नाही म्हटलं की ही भानगड मिटते. फक्त दीर्घिका (ताऱ्यांच्या अफाट वसाहती) एकमेकींपासून लांब जाताना मधली जागा भरायला शून्यातून नवं द्रव्य लागतं. किती? एका घनमीटरमागे अब्जावधी वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. लोकांनी यावरही गहजब केला. मग हॉयल यांच्या बाजूचं उत्तर ठरलेलं : तुम्ही सगळं द्रव्य एका फटक्यात आणता ते चालतं, आमचा एक अणू खुपतो होय? गंमत म्हणजे ‘बिग बँग’ हे नावही हॉयल यांनीच १९४९ साली बीबीसी रेडिओवर वापरलं. बारसं विरोधकाच्या हातून झालं.

पण पुरावा महास्फोटाकडे झुकला. १९६४-६५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या रेडिओ अँटेनात एक खरखर येत होती, कुठेही वळवा, तेवढीच. आत कबुतरांनी बिऱ्हाड केलेलं. घाण साफ केली, कबुतरं लांब पाठवली. कबुतरं परत आली, खरखर गेलीच नव्हती. ती निघाली विश्वाच्या तापलेल्या बालपणाची उरलेली धग, आता उणे २७० अंशांवर निवलेली. १९७८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. कबुतरांचा उल्लेख नसावा.

हॉयल यांचे शिष्य जयंत नारळीकर मात्र सहजी मानणारे नव्हते. १९९३ मध्ये हॉयल आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिर स्थितीचा सुधारित सिद्धांत मांडला. बहुतेकांना तो पटला नाही, पण जिंकलेल्या बाजूला प्रश्न विचारणारं कुणीतरी हवंच. कारण त्या बाजूची उधारीही मोठी आहे : ओळखीचं द्रव्य जेमतेम ५ टक्के, बाकी कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा. नावं झकास, ओळखपत्र कुणाचंच नाही.

तेव्हा पैज लावायची तर महास्फोटावरच लावा. ‘पण त्याआधी काय होतं?’ असं कुणी विचारलंच तर तेवढ्यापुरतं हॉयल यांच्या बाकावर सरकायला हरकत नाही. तिथे उत्तर सोपं आहे : हेच.