२०१९ची वॅगन आर की बलेनो? जुनी गाडी घेताना रिकॉल आणि तक्रारी कशा तोलायच्या

माझ्या मावसभावाचं गाडं दोन गाड्यांवर येऊन अडलं होतं. एक ऑगस्ट २०१९मध्ये बनलेली वॅगन आर व्हीएक्सआय, १.० लिटर पेट्रोल. दुसरी सप्टेंबर २०१९ची बलेनो डेल्टा, तीही पेट्रोल. दोन्ही पुण्यात एकाच डीलरकडे, शेजारीशेजारी उभ्या. दोन्ही पहिल्या मालकाच्या, दोन्ही ५० हजार किलोमीटरच्या अल्याडपल्याड, किमतीत ६०-७० हजारांचं अंतर. फोनवर म्हणाला, "दादा, दोन्हींचे रिकॉल निघालेत म्हणे. मग दोन्ही सोडून देऊ का?"

सोडायचं काही कारण नव्हतं. कंपनी रिकॉल काढते, म्हणजे गाड्या दुरुस्तीला परत बोलावते, तेव्हा ती चूक कबूल करते आणि दुरुस्तीचा खर्च स्वतः उचलते. रिकॉल झालेली आणि काम करून घेतलेली गाडी न झालेल्या गाडीइतकीच घेण्याजोगी असते. यादीत नाव असून सर्व्हिस सेंटरला कधी गेलीच नाही, अशी गाडी मात्र टाळायची. आणि बाहेरून दोन्ही सारख्याच चकचकीत दिसतात. म्हणून मॉडेलचं नाव बाजूला ठेवून आधी महिना बघायचा.

महिन्यांचा हिशोब

ही नवी वॅगन आर जानेवारी २०१९मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मारुतीने १.० लिटरच्या ४०,६१८ गाड्या परत बोलावल्या. त्या १५ नोव्हेंबर २०१८ ते १२ ऑगस्ट २०१९ या काळात बनलेल्या, म्हणजे शोरूममध्ये यायच्या आधीच्या गाड्यांपासून सुरुवात. कारण: पेट्रोलचा होज, म्हणजे नळी, धातूच्या क्लॅम्पला घासण्याची शक्यता. घासून घासून होज झिजला तर पेट्रोल गळणार, तेही बॉनेटखाली. या सगळ्या यादीत मला हे सर्वांत गंभीर वाटतं.

दुसरा रिकॉल जुलै २०२०चा, आणि त्यात दोन्ही गाड्या एकत्र आल्या. फ्युएल पंपात दोष असण्याची शक्यता म्हणून एकूण १,३४,८८५ गाड्या. त्यातल्या ५६,६६३ वॅगन आर १.० लिटर, १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९मध्ये बनलेल्या. आणि ७८,२२२ पेट्रोल बलेनो, ८ जानेवारी ते ४ नोव्हेंबर २०१९मधल्या.

तिसरा मार्च २०२४मध्ये. पुन्हा फ्युएल पंपच, या वेळी त्याच्या मोटरचा एक भाग. ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगन आर, सगळ्या ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९मध्ये बनलेल्या. क्वचित प्रसंगी इंजिन बंद पडू शकतं किंवा सुरूच होत नाही, असं कंपनीने सांगितलं होतं.

आता या तारखा एकावर एक ठेवा. ३० जुलै ते १२ ऑगस्ट २०१९ या पंधरवड्यात बनलेली १.० लिटरची वॅगन आर तिन्ही रिकॉलच्या कालखंडात बसते. ऑगस्टची बाकीची, सप्टेंबरची आणि १५ ऑक्टोबरपर्यंतची दोन. बलेनो ३० जुलै ते १ नोव्हेंबरमधली असेल तर तीही २०२० आणि २०२४च्या दोन्हींत. कालखंडात बसणारी प्रत्येक गाडी यादीत असतेच असं नाही, पण प्रत्येकीची चौकशी मात्र करायची. "एकदा पंप बदललाय साहेब" एवढ्या उत्तरावर समाधान मानायचं नाही ते याचसाठी. २०२०मध्ये जाऊन आलेल्या मालकाला २०२४मध्ये पुन्हा बोलावणं आलेलं असू शकतं, आणि तोवर गाडी दुसऱ्याच्या नावावर, फोन नंबर जुना.

आणखी एक घोळ. लोक गाडीची तारीख पासिंगवरून सांगतात. २०१९चा दसरा ८ ऑक्टोबरला होता, दिवाळी त्याच महिन्याच्या शेवटी. ऑगस्टमध्ये बनून यार्डात उभी राहिलेली गाडी दसऱ्याला हार घालून बाहेर पडली की मालकाच्या तोंडी ती "ऑक्टोबरची गाडी" होते. आरसीवर मॅन्युफॅक्चरिंगचा महिना वेगळा छापलेला असतो, तो वाचायचा.

होज आणि पंप, दोन्ही एका तराजूत नको

पेट्रोल गळणं म्हणजे आगीची भीती. इंजिन बंद पडणं म्हणजे कुठे बंद पडतंय यावर सगळं. सोसायटीच्या गेटात पडलं तर चार लोक ढकलतील. चंदनापुरी घाटात मागे ट्रक असताना पडलं तर गोष्ट वेगळी. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकच्या बूस्टरमध्ये एखाद-दोन वेळा पॅडल दाबण्यापुरता जोर शिल्लक राहतो, नंतर पॅडल दगडासारखं होतं. हे ज्याने एकदा अनुभवलंय तो "नुसतं बंद पडतं ना" असं म्हणत नाही.

तरीही जुनी गाडी घेताना मला होजपेक्षा पंपाची धास्ती जास्त. होज बॉनेट उघडलं की बघता येतो, बोट फिरवता येतं, वास घेता येतो. पंप टाकीच्या आत. तो फक्त ऐकू येतो: चावी 'ऑन'वर आणली, इंजिन सुरू केलं नाही, की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घुर्र असा आवाज येतो. बटण-स्टार्ट असेल तर क्लच न दाबता बटण दोनदा दाबायचं. आवाज आला म्हणजे पंप आज चालतोय, एवढंच कळतं. उद्याचं नाही. म्हणून पंपाच्या बाबतीत कागदाशिवाय इलाज नाही.

२०१९ सोडून पुढची गाडी बघत असाल तर थोडक्यात: ३ ऑगस्ट ते १ सप्टेंबर २०२२मध्ये बनलेल्या वॅगन आर, सेलेरिओ आणि इग्निस मिळून ९,९२५ गाड्या मागच्या ब्रेकच्या पिनसाठी बोलावल्या होत्या. डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३मधल्या १७,३६२ गाड्यांत एअरबॅग कंट्रोलरचा प्रश्न होता, त्यात नवी बलेनोही होती. आणि कुणी हौशी बलेनो आरएस दाखवत असेल, तर ७,२१३ आरएस गाड्यांचा व्हॅक्यूम पंपाचा रिकॉल एप्रिल २०२३मध्ये निघालाय. तो ब्रेकशी संबंधित आहे, विचारल्याशिवाय हात लावू नका.

टोयोटा ग्लान्झा घेऊन बलेनोचा प्रश्न टळत नाही. लोगो वेगळा, गाडी तीच, मारुतीच बनवून देते. २०२०मध्ये टोयोटानेही ग्लान्झाच्या सुमारे ६,५०० गाड्या फ्युएल पंपासाठीच बोलावल्या होत्या.

मालक काय म्हणतात

रिकॉलमध्ये जे येतं ते धोक्याचं. तक्रारींत जे येतं ते बहुधा त्रासाचं. नेटवर दोन्हींची खिचडी झालेली असते आणि वाचणारा घाबरतो.

वॅगन आरवाल्यांची ठरलेली तक्रार: ऐंशीच्या पुढे गाडी हलते. एक्स्प्रेसवेवर शेजारून व्होल्वो गेली की स्टिअरिंग घट्ट धरावं लागतं. कारण गाडीच्या मापातच आहे. उंची १६७५ मिलिमीटर, रुंदी १६२०. म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त. त्यात वजन हलकं आणि व्हीएक्सआयला १३ इंची चाकं. हा दोष नाही, घडणच तशी, आणि याच उंचीमुळे गुडघेदुखीवाली आजी न वाकता आत बसते. एकच गोष्ट कुणाची तक्रार असते आणि कुणाचं ती घेण्याचं कारण. दुसरी तक्रार तीन सिलिंडरच्या थरथरीची, सिग्नलला उभं राहिलं की गिअरच्या दांड्यात जाणवते. १.२ लिटर इंजिन चार सिलिंडरचं, तिथे ही नाही. ऑटोगिअर घेणारे झटक्यांबद्दल बोलतात. पहिला-दुसरा गिअर बदलताना मान पुढे जाते म्हणतात, आणि ते खरं आहे.

बलेनो उलटी: उंची १५१०, रुंदी १७४५. रस्त्याला बसून जाते. तिच्या मालकांचं म्हणणं स्टिअरिंगबद्दल, वळण घेतल्यावर आपणहून सरळ यायला आळस करतं असं. खड्ड्यात सस्पेन्शनचा धप्प आवाज, पत्रा पातळ, टायरचा आवाज आत येतो, हेही नेहमीचं. शेतावरच्या रस्त्याला खालून घासते. २०१९च्या एप्रिलपासून आलेल्या स्मार्ट हायब्रिड मॉडेलात एक छोटी लिथियम बॅटरी जास्तीची असते. तिची आजची किंमत सर्व्हिस काउंटरवर विचारून ठेवा, सौदा ठरवताना कामाला येते.

डिकी? ३४१ लिटर आणि ३३९. दोन लिटरवर वाद घालायचा तर घाला.

जी तक्रार कुणीच करत नाही

वॅगन आरच्या एलएक्सआय आणि व्हीएक्सआयमध्ये २०१९ला ड्रायव्हरची एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम न होऊ देणारी सोय) होतं, शेजारच्या सीटची एअरबॅग मात्र पैसे भरून घ्यायची होती. नावापुढे कंसात 'ओ' असलेली गाडी म्हणजे ती घेतलेली. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती १ जानेवारी २०२२पासून. बलेनोला दोन्ही एअरबॅग आणि एबीएस पहिल्यापासून, सगळ्यांत खालच्या मॉडेललाही. ज्या गाडीत एअरबॅग नाहीच तिचा एअरबॅगसाठी रिकॉल कसा निघेल? म्हणून रिकॉलची यादी कोरी असणं ही काही शिफारस नाही.

क्रॅश टेस्टवर मात्र बलेनोवाल्यांनी फार मिरवू नये. वॅगन आरला ग्लोबल एनकॅपने २०१९मध्ये दोन तारे दिले आणि २०२३मध्ये, जास्त कडक चाचणीत, एक. भारतात बनलेल्या याच पिढीच्या बलेनोला लॅटिन एनकॅपने २०२१मध्ये शून्य दिलं, दोन एअरबॅग असूनही. दोन्ही संस्थांच्या चाचण्या वेगळ्या, तारे थेट एकमेकांसमोर मांडता येत नाहीत. पण दोन्हींत अभिमान बाळगावा असं काही नाही.

कायदा किती साथ देतो

पूर्वी रिकॉल पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर होता. वाहन उद्योगाच्या संघटनेची, म्हणजे सियामची, ऐच्छिक आचारसंहिता २०१२मध्ये आली. त्याआधीचं उदाहरण मुंबईकरांना आठवत असेल: मार्च २०१०मध्ये मुलुंडला शोरूममधून घरी निघालेली कोरी नॅनो पेटली. पुढे नोव्हेंबरमध्ये टाटा मोटर्सने नॅनोमालकांना जादा सुरक्षेचे भाग फुकट बसवून द्यायला सुरुवात केली, पण हा रिकॉल नाही, असंही बजावलं.

१ एप्रिल २०२१पासून नियम बदलले. तक्रारी ठरावीक संख्येला पोहोचल्या की सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं, कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वाहनमालकाला रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. मेख अशी की हे सात वर्षांच्या आतल्या वाहनांना लागू आहे. २०१९ची गाडी २०२६मध्ये ती रेघ ओलांडते. त्यानंतर नवा दोष निघाला तर या सक्तीचा आधार नाही, म्हणून आजवरचे रिकॉल पूर्ण झालेत का हे घेण्याआधीच बघायचं.

बघायला पाच मिनिटं लागतात. आरसीवरचा १७ अक्षर-अंकांचा पूर्ण चासी नंबर घ्या (वॅगन आरचा 'एमए३'ने सुरू होतो), बॉनेटखालच्या प्लेटशी जुळवा, आणि कंपनीच्या वेबसाइटवर ग्राहकांसाठीच्या सूचनांच्या पानावर टाका. मारुतीच्या शोरूमच्या दोन साखळ्या आहेत: वॅगन आर अरीनाच्या पानावर, बलेनो नेक्साच्या. शिवाय कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर सांगून रिकॉलचं काम झालंय का ते विचारा आणि जॉब कार्डाची, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदीच्या कागदाची, प्रत मागा. पुस्तकावरचे शिक्के नकोत, जॉब कार्ड.

मग कुठली?

गावातल्या गावात, घरात म्हातारी माणसं, रोज बाजार आणि शाळा: वॅगन आर. पण १.२ लिटर मिळाली तर आधी ती. २०१९ आणि २०२०चे रिकॉल १.० लिटरपुरतेच होते, आणि थरथरही वाचते. १.०च घ्यायची तर 'ओ'वाली. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला एअरबॅगची अक्षरं कोरलेली आहेत का, बसून बघा.

महिन्यातून दोनदा हायवे असेल तर बलेनो, फ्युएल पंपाचं काम झाल्याचा कागद हातात घेऊन. मावसभाऊ दर पंधरा दिवसांनी पुणे-संगमनेर करतो. त्याला मी बलेनो सांगितली. तिचा चासी नंबर डीलरने लगेच दिला, सर्व्हिस सेंटरमधून जॉब कार्डही निघालं.

वॅगन आरचा नंबर मी नुसत्या कुतूहलापोटी मागितला होता. "साहेब, हिस्ट्री क्लीन आहे, नंबर कशाला," असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मागितल्यावर त्याने आरसीचा फोटो पाठवला. फोटो स्वच्छ, उजेड चांगला, शेवटचे चार आकडे अंगठ्याखाली.