नव्या कॉलन्यांसाठी पोलीस चौकी: विकास शुल्कातला हिस्सा की लेआउटमधली जागा?

गावाबाहेर कॉलन्या वाढत गेल्या, पोलीस ठाणं मात्र जुन्या गावातच राहिलं. आता नव्या भागात चौकी हवी, तर ती बांधकाम परवानगीच्या वेळी नगरपरिषदेकडे जमा होणाऱ्या विकास शुल्कातून करावी, की लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडलेल्या जमिनीच्या, मालकाकडून सुविधा क्षेत्राची (सार्वजनिक सुविधांसाठी सोडलेली) जागा घेऊन तिथे करावी? जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या बहुतेक नगरपरिषदांपुढे हा प्रश्न आज ना उद्या येतोच. तापीकाठच्या एका ब वर्ग नगरपरिषदेत मी नगरसेवक होतो, तेव्हा आम्ही या दोन्ही वाटा तपासल्या आणि एक धरली. नव्याने निवडून आलेले आणि कॉलनी समित्यांवर काम करणारे लोक आता तेच विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहितो. प्रत्येक गावाची घडण वेगळी असते, त्यामुळे माझं म्हणणं सगळीकडे लागू पडेलच असं नाही.

एक गोष्ट दोन्ही वाटांना सारखीच आहे. पोलीस हा राज्याचा विषय. नवं ठाणं मंजूर करणं, माणसं देणं हे गृह विभागाचं काम, तिथे नगरपरिषदेचा ठराव म्हणजे फक्त विनंती. आपल्या हातात असते ती इमारत, पाणी, दिवे आणि शौचालय. म्हणून पैसा असो की जागा, आधी पोलीस निरीक्षकांकडून ‘इथे माणूस बसवू’ असं लेखी घ्यावं. ते नसेल तर दोन्ही वाटांनी गेलात तरी चौकीला कुलूपच लागतं.

आधी जागेविषयी, कारण बहुतेकांचा पहिला कल तिकडेच असतो. आमचाही होता. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या युडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, सुविधा क्षेत्रात काय काय करता येतं याची मोठी यादी आहे, आणि त्यात शाळा, दवाखाना, उपडाकघर यांच्याबरोबर पोलीस ठाणंही आहे. दोन हेक्टर किंवा त्याहून मोठं रेखांकन, म्हणजे लेआउट, असेल तर साधारण ५ टक्के क्षेत्र सुविधांसाठी सोडावं लागतं. दोन हेक्टरचे पाच टक्के म्हणजे १,००० चौरस मीटर, आपल्या भाषेत दहा गुंठे. चौकीला एवढी जागा लागतही नाही. मोबदला एफएसआय (त्याच जमिनीवर जादा बांधकाम) किंवा टीडीआरच्या (दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम हक्क) रूपात देण्याची सोय असल्यामुळे नगरपरिषदेच्या तिजोरीला हात लावायची गरज नाही. कागदावर याहून चांगलं काय असणार?

पण आपल्याकडची शेतं पाहा. गावाला लागून जी बिनशेती होते ती बहुतेक दोन, तीन, चार एकरांच्या तुकड्यांत. भावाभावांत वाटण्या झालेल्या, प्रत्येकाचा गट वेगळा. दोन हेक्टर म्हणजे जवळपास पाच एकर. त्याच्या आत राहिलं की सुविधा क्षेत्र सोडावंच लागत नाही. एका रस्त्यावर ओळीने सहा-सात लेआउट उभे राहतात, हजारभर लोक राहायला येतात आणि त्यातल्या एकाही लेआउटमध्ये सुविधा क्षेत्र नसतं. दहा टक्के खुली जागा असते, पण ती मुलांच्या खेळण्यासाठी आणि बागेसाठी. तिच्यावर चौकी बांधायचा विचारही कोणी करू नये, असं माझं मत आहे.

तरीही आमच्या नशिबाने एक मोठा लेआउट आला होता आणि त्यात सुविधा क्षेत्र मिळालं होतं. निरीक्षकांना घेऊन आम्ही जागा बघायला गेलो. लेआउटच्या अगदी मागच्या टोकाला, नाल्याला लागून, एका बाजूला उतार. नकाशात रस्ता जागेपर्यंत दाखवलेला, प्रत्यक्षात तो दोन प्लॉट आधीच संपत होता. पुढे काळी माती. साहेबांनी गाडी तिथेच थांबवली, उतरले, मागे वळून हमरस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “इथून आम्हाला रस्ता दिसत नाही, आणि रस्त्यावरच्या बाईला आम्ही दिसणार नाही.” त्या वाक्यानंतर माझ्यापुरता निर्णय झाला होता.

कारण ही एका लेआउटची गोष्ट नव्हती. त्यानंतर मी आजूबाजूच्या गावांत जाईन तिथे सुविधा क्षेत्र बघत गेलो. जवळपास सगळीकडे ते कोपऱ्यातच सापडलं. कुठे नाल्याकाठी, कुठे उच्चदाब वाहिनीखाली, कुठे तिरक्या उरलेल्या तुकड्यात. मालकाला दोष देऊन उपयोग नाही. रस्त्याकडेचा प्लॉट चांगल्या भावाने विकला जातो, त्यामुळे द्यायचा तुकडा मागेच पडतो. नियम क्षेत्रफळ मोजतो, जागा कुठे आहे हे फारसं मोजत नाही. बागेला कोपरा चालतो, पाण्याच्या टाकीलाही चालतो. चौकीला चालत नाही. रात्री दहाच्या एसटीने उतरलेली मुलगी, शिकवणीहून सायकलने परतणारी पोरं, दुकान बंद करून रोकड घेऊन निघालेला व्यापारी, यांच्या नजरेच्या टप्प्यात ती चौकी असली पाहिजे. लेआउटच्या पोटात दडलेली चौकी कितीही सुंदर बांधली तरी तिचा अर्धा उपयोग गेलेला असतो.

आणि जागा ताब्यात आली म्हणजे चौकी आली असंही नाही. मोजणी, ताबा पावती, सातबाऱ्यावर नाव, मग कंपाउंड. एवढं होईपर्यंत तिथे बाभळी उगवतात आणि कचऱ्याच्या ट्रॉल्या रिकाम्या होऊ लागतात. आमचे एक ज्येष्ठ सहकारी सभेत म्हणायचे, “जागा शे ना भाऊ, पैसा नही.” म्हणजे जागा आहे, पैसा नाही. ते खरं होतं. बांधकामाचा खर्च शेवटी विकास निधीवरच येऊन बसतो.

आता शुल्काकडे. महाराष्ट्रात विकास शुल्क १९९२ च्या दुरुस्तीने नगररचना कायद्यात आलं. निवासी बांधकामासाठी जमिनीच्या क्षेत्रावर रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमीन दराच्या, ०.५ टक्के आणि बांधकामाच्या क्षेत्रावर त्याच दराच्या २ टक्के, असा त्याचा साधारण हिशेब. समजा एखाद्या भागात विकसित जमिनीचा दर चौरस मीटरला ५,००० रुपये आहे. दीडशे मीटरचा प्लॉट आणि शंभर मीटरचं घर असेल, तर जमिनीचे ३,७५० आणि बांधकामाचे १०,००० मिळून १३,७५० रुपये होतात. अशी शंभर घरं झाली की १३ लाख ७५ हजार. हा पैसा सार्वजनिक सुविधा आणि क्षेत्राच्या सुधारणेसाठी वापरायचा असतो. रस्ते, गटारी, दिवे या सगळ्यांचे हात त्यातच असतात. त्यातला दहावा हिस्सा चौकीसाठी बाजूला काढला तर हाती सुमारे १ लाख ३७ हजार येतात. यात नवी इमारत उभी राहत नाही, हे मान्यच करायला हवं.

मग शुल्काची वाट का धरली? कारण पैसा हलवता येतो. जिथे चौकी हवी तिथे तो खर्च करता येतो. आमच्या गावाच्या वेशीवर, फाट्याजवळ, जुना जकात नाका पडून होता. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली, त्यानंतर कित्येक गावांत ही नाक्यांची बांधकामं तशीच उभी आहेत. जागा नगरपरिषदेची, रस्त्याला लागून, दोन्ही बाजूंनी गाड्या दिसतात. जकात वसूल करणाऱ्याला जी जागा लागायची, पोलिसालाही नेमकी तशीच लागते. छत दुरुस्त करणं, फरशी, कंपाउंड, दिवे, पाण्याची टाकी आणि शौचालय एवढंच काम होतं. बाजूला काढलेल्या हिश्श्यात ते टप्प्याटप्प्याने बसलं.

शौचालयाचा उल्लेख मुद्दाम केला. खान्देशात बंदोबस्त काही थोडाथोडका नसतो. श्रावणात कानबाई, मग गणपती, कार्तिकात जळगावचा रथ, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांचा उत्सव. महिला शिपाई दिवसदिवस रस्त्यावर उभ्या असतात. नव्या कॉलन्यांच्या बाजूला त्यांना कुणाच्या तरी घराचं दार वाजवून विनंती करावी लागायची. हे मी स्वतः पाहिलंय आणि मला ते फार लागलं होतं. अंदाजपत्रकात सगळ्यात आधी शौचालय धरा, खोली नंतर, असा आग्रह मी तेव्हा धरला आणि आजही धरीन.

आता शुल्काच्या वाटेतली खरी मेख. शुल्काचा दर नगरपरिषद ठरवत नाही, तो रेडी रेकनरला बांधलेला असतो. रेडी रेकनर जमिनीच्या भावाचं माप आहे, विटा-सिमेंटचं नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ ही दोन्ही वर्षं राज्याने रेडी रेकनर जैसे थे ठेवला, वाढ झाली ती १ एप्रिल २०२५ पासून. मधल्या काळात मिस्त्रीची मजुरी थांबली होती का? म्हणजे शुल्क जागच्या जागी आणि कामाचा खर्च पुढे. आज ठरवलेला हिस्सा दोन वर्षांनी तोकडा पडतो.

यावर दोन उपाय सभेत आले होते. एक, ठरावीक रक्कम दरवर्षी बाजूला ठेवायची. दुसरा, हिस्सा टक्क्यांत ठेवायचा आणि दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी तो नव्याने ठरवायचा. मी दुसऱ्याच्या बाजूने होतो. कनिष्ठ अभियंत्याने दर जानेवारीत उरलेल्या कामाचा खर्च चालू दरसूचीप्रमाणे (बांधकामाच्या सरकारी दरांची यादी) काढायचा, त्या वर्षी किती बांधकाम परवानग्या येतील याचा अंदाज घ्यायचा आणि त्यावरून टक्के सुचवायचे. पहिला उपाय लिहायला सोपा आहे, लेखापालांनाही तोच बरा वाटतो. पण रक्कम एकदा गोठली की तिच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही.

याच प्रश्नावर कॅलिफोर्नियातल्या शहरांनी बरंच काम केलेलं आहे. तिथे शहरं नव्या बांधकामावर पोलीस सुविधांसाठी वेगळं शुल्कच लावू शकतात. १९८७ चा कायदा त्याच्या मागे आहे. त्या पैशातून इमारत आणि साधनसामग्री घेता येते, पगार देता येत नाहीत. जुन्या वस्तीत आधीपासून असलेली कमतरता नव्या घरांच्या माथी मारता येत नाही. न खर्चलेल्या पैशाचा हिशेब दर पाच वर्षांनी मांडावा लागतो, पैसा का राखून ठेवला हे सांगता आलं नाही तर परतफेडीची वेळ येते. बरीच शहरं बांधकाम खर्चाच्या निर्देशांकाप्रमाणे दरवर्षी शुल्क वाढवतात, आणि २०२२ पासून मूळ अभ्यास निदान दर आठ वर्षांनी नव्याने करणं बंधनकारक झालंय. आपल्याला ते जसंच्या तसं आणता येणार नाही. तिथलं पोलीस दल शहराचं असतं, आपलं राज्याचं. पण वेगळं खातं आणि ठरलेल्या वेळी फेरआढावा, या दोन गोष्टी साध्या ठरावाने आपल्याकडेही होऊ शकतात.

वेगळं खातं म्हणजे वेगळं लेखाशीर्ष, नगरपरिषदेच्या हिशेबातलं स्वतंत्र सदर. ते नसेल तर शुल्काची वाट धरू नका, असंच मी म्हणेन. विकास निधी एकाच शीर्षात राहिला की वर्षअखेर रस्त्यांची बिलं येतात आणि चौकीचा पैसा कुठे गेला हे कोणालाच सांगता येत नाही. पावसाचं पाणी नाल्यात मिसळल्यावर कुठल्या छपराचं किती, हे कोण सांगणार?

लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, अशी भीती तुमचे मुख्याधिकारी घालतील. ती अगदी निराधार नाही, कारण पोलीस हे नगरपरिषदेचं खातं नव्हे. आम्ही इमारत नगरपरिषदेच्याच नावावर ठेवली, पोलिसांना फक्त वापरासाठी दिली, आणि ठरावात कामाचं वर्णन ‘नागरी सुविधा केंद्र व पोलीस चौकी’ असं केलं. त्याच छताखाली अर्ज-तक्रारीची एक खिडकी ठेवली. हे सगळीकडे चालेलच अशी खात्री मी देऊ शकत नाही. नगररचना विभागाचं आणि तुमच्या लेखापरीक्षकांचं मत आधी घेतलेलं बरं.

जागेची वाट काही ठिकाणी नक्कीच सरस ठरते. जळगाव किंवा धुळ्यासारख्या महापालिकेच्या शहरात, जिथे मोठे गृहप्रकल्प येतात आणि रस्त्याकडेला मोकळी जागाच उरलेली नाही, तिथे सुविधा क्षेत्र सोडून देणं परवडणार नाही. महामार्गाच्या वळण रस्त्यालगत दहा-पंधरा एकरांचा लेआउट येत असेल तर तिथेही जागा मागाच, पण तात्पुरतं रेखांकन मंजूर होण्याआधी. नकाशावर सही झाल्यावर कोपरा बदलत नाही. ‘मुख्य रस्त्याला लागून, किमान एक बाजू उघडी’ एवढी अट त्याच वेळी लेखी टाकून घेता आली तर माझा मुख्य आक्षेप बराचसा संपतो. विकास आराखड्यातच चौकीचं आरक्षण असेल तर तारखेकडे लक्ष ठेवा. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही आणि मालकाने नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस दिली, तर पुढच्या २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलावी लागतात. नाही उचलली तर आरक्षण जातं.

बाकी गावांत, जिथे दोन-चार एकरांचे तुकडे पडतात आणि वेशीवर एखादा जुना नाका, बंद पडलेलं वाचनालय किंवा नगरपरिषदेचा रिकामा गाळा आहे, तिथे मी आजही शुल्काच्या बाजूनेच मत देईन. ठराव करणार असाल तर त्यात एवढं यायला हवं: वेगळं लेखाशीर्ष, विकास शुल्काचा टक्क्यांतला हिस्सा, दरवर्षी अंदाजपत्रकाआधी दरसूचीप्रमाणे फेरविचार, पोलीस निरीक्षकांचं पत्र जोडलेलं, आणि कामांच्या क्रमात पहिलं शौचालय. सीसीटीव्ही आणि गाडी यात घालू नका, त्यासाठी जिल्हा नियोजन समितीकडे स्वतंत्र प्रस्ताव द्या. तिथे दाद मिळण्याची शक्यता जास्त असते आणि तुमचा छोटा निधी बांधकामापुरता शिल्लक राहतो.

ठराव अंदाजपत्रकाच्या सभेआधीच्या सर्वसाधारण सभेत आणा. अंदाजपत्रकाच्या दिवशी विषयपत्रिका लांबलचक असते आणि नव्या शीर्षावर चर्चाच होत नाही. आणि १ एप्रिलला नवा रेडी रेकनर आला की तुमच्या गावाचे दर किती बदलले ते बघून अभियंत्याकडून वर्षाचा आकडा पुन्हा काढून घ्या. दर वाढले असतील तर हिस्सा थोडा कमी करून रस्त्यांना सोडता येतो. तेवढी लवचिकता दाखवली की रस्ते मागणारे सहकारीही पुढच्या वर्षी हात वर करतात.