हापूसच्या ऑर्डरींचं ॲप: झिलाकडून की प्रोग्रामरकडून?

देवगडातले एक बागायतदार काका परवा विचारत होते, "झील म्हणता, एआयकडून दोन दिवसांत ॲप करतंय. मगे तुमका पैसे कित्याक देवचे?" (झील म्हणजे त्यांचा मुलगा.) माझं पोट प्रोग्रामिंगवर चालतं, तेव्हा पुढचं पारखूनच घ्या.

आधी झिलाची बाजू. ऑर्डरीचं पान, पेट्यांचा हिशेब, गिऱ्हाइकाला मेसेज, एवढ्याला पूर्वी माझे दोन-तीन आठवडे जायचे. 2022 मध्ये गिटहब कोपायलट हे कोड लिहायला मदत करणारं एआय महिना 10 डॉलरला सगळ्यांसाठी खुलं झालं, तेव्हा ते कोडच्या पुढच्या काही ओळी सुचवायचं. आता मराठीत सांगितलं तरी अख्खं ॲप उभं राहतं. एआय संशोधक आंद्रे कार्पाथींनी फेब्रुवारी 2025 मध्ये याला 'व्हाइब कोडिंग' म्हटलं: कोड वाचत बसायचंच नाही, चाललं की झालं. आणि दिसायला ते माझ्या कामापेक्षा देखणं असतं, हे मुकाट्याने मान्य.

मीही असं एक करून पाहिलं. घाटात गेलो, रेंज एकच दांडी. 'ऑर्डर द्या' दाबलं, चाक फिरत राहिलं, पुन्हा दाबलं. ऑर्डरी दोन नोंदल्या, साठ्यातून पेट्याही दोनदा वजा! घरच्या वायफायवर हे कधी दिसलं नसतं. उपाय छोटा आहे: फोनवरच ऑर्डरीला एक क्रमांक द्यायचा, तोच परत आला तर सर्व्हरने नवी नोंद करायची नाही. सांगितल्यावर एआयने तेही मिनिटभरात लिहून दिलं. पण घाटातल्या गिऱ्हाइकाची आठवण झिलाला व्हायला हवी ना? प्रोग्रामरचे पैसे आता बरेचसे त्या आठवणीचे.

म्हणून आठवडे मोजून जुनंच कोटेशन देणाऱ्याशी खुशाल घासाघीस करा. तपासणी मात्र तेवढी स्वस्त झालेली नाही. एमईटीआर या एआयची पारख करणाऱ्या संस्थेने 2025 मध्ये 16 अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच जुन्या, मोठ्या प्रकल्पांवर काम दिलं. एआय घेऊन त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि आपण 20 टक्के वेळ वाचवला असं त्यांना वाटत होतं! तुमचं ॲप नवं नि लहान, तिथे हा आकडा जसाच्या तसा लावू नका. पण दोन सीझन गेले की तेही जुनं होईल, आणि ऐन एप्रिलमध्ये बंद पडलं तेव्हा झील मुंबईला नोकरीवर असेल.

शंभर-दीडशेच पेट्या असतील तर दोघांनाही सोडा. व्हॉट्सॲप बिझनेस आणि गूगल शीट, फुकटात भागतं. नुसती नोंद ठेवायची तर झील पुरे. आगाऊ पैसे ॲपवरच घ्यायचे असतील, तर बांधू दे झिलाला, पण सीझनआधी जाणत्याला दोन दिवस बसवून पैशांचा नि पासवर्डचा भाग तपासून घ्या.

काकांनी तसंच केलंय. पेमेंटचं पान माझ्याकडे आलंय, आगाऊ म्हणून मार्चमधली पहिली पेटी ठरलीय.